समजा, म्हस आडवी आली

कुरणेसाहेब कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिला तीन प्रदक्षिणा घालतात. पहिली डोळ्यांनी, दुसरी छत्रीनं आणि तिसरी नाकानं. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, दुसरीत छत्रीच्या टोकानं चारी टायर ठोकून आवाज ऐकायचा, तिसरीत बॉनेटशी वाकून वास घ्यायचा. माझ्या गाडीला त्यांनी पहिल्यांदा हे केलं, तेव्हा समोरच्या घरातली सून फुलांची परडी घेऊन देवळाला निघाली होती. तिला वाटलं, बाईंनी नवी गाडी घेतली. तिनं येऊन बॉनेटवर एक जास्वंद ठेवलं, नमस्कार केला आणि गेली.

"ते फूल काढा," कुरणेसाहेब म्हणाले. "समजा, वाऱ्यानं उडून काचंवर आलं, तर?"

मी फूल काढलं. मग ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, तो तीनदा ओढून बघितला आणि माझी परीक्षा सुरू झाली.

"म्याडम, समजा, म्हस आडवी आली."

"ब्रेक लावीन."

"लावलासा. समजा, मागं टेम्पो हाय."

"तोही लावेल की ब्रेक."

"त्येचा ब्रेक कुणी बघितलाय? समजा, न्हाय लागला. समजा, टेम्पोत गॅसच्या टाक्या हायत. समजा, बाजूनं वरात चाललीया."

तिसऱ्या मिनिटाला मी, मागच्या सीटवरचे दोन काल्पनिक म्हातारे, टेम्पोवाला आणि निम्मी वरात असे सगळे खलास झालो होतो. म्हैस तेवढी वाचली होती. गाडी अजून माझ्या दारातच उभी होती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"पास," म्हणून ते खाली उतरले. मी थक्क. तर म्हणाले, "आदल्या चौघांनी हॉर्न वाजवतो म्हणून सांगितलं. तुम्ही ब्रेक म्हणलासा."

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. वयाच्या बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले, कारण लेक परदेशी जाताना तिची लाल गाडी माझ्या दारात ठेवून गेली. आमच्या पेठेत घराघरात एकेकटी म्हातारी माणसं. पोरं पुण्याला नाहीतर त्याच्याही पलीकडं. डोळ्याच्या दवाखान्यात जायचं, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा, तर रिक्षात चढता येत नाही, आणि चढलं तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर हात धरायला कुणी नाही. म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं ठरवलं की ज्यांच्याकडं गाडी आहे आणि वेळ आहे, त्यांनी अशा माणसांना न्यायचं, सोबत थांबायचं आणि घरी आणून सोडायचं. आम्ही सात जण तयार झालो. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. चहा आला. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून एक हात वर झाला.

"समजा, कोण पडलं?"

चहा थंड झाला.

कुरणेसाहेब तीस-बत्तीस वर्षं एका विमा कंपनीत गाड्यांच्या दाव्यांचे अधिकारी होते. जिल्ह्यातली कुठली गाडी कुठल्या साली कुठल्या झाडावर आदळली, हे त्यांना तोंडपाठ. बाकीच्यांना कोल्हापूर तालमींमुळं, देवळांमुळं कळतं. यांना ते अपघातांवरून कळतं. "त्या वळणावर," ते सांगतात, "ट्रक, दोन मोटारसायकली आन एक बँडपथक. बँडवाल्यांचा ढोल शाबूत ऱ्हायला, बगा." रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेली जोडपी बघून दुसरं कुणी हसेल, नाहीतर नाक मुरडेल. कुरणेसाहेब कठड्याची उंची बघतात.

त्यांच्या घरी गेलं तर गंमतच आहे. एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. खाट कोपऱ्यात, पंखा दुसऱ्या कोपऱ्यात. समजा, पंखा पडला. वारा लागत नाही, पण पंखाही लागत नाही. शोकेसमधली बुद्धाची मूर्ती खालून चिकटवलेली. समजा, भूकंप झाला. नारळाच्या झाडाखालून जाताना ते डोक्यावर हेल्मेट घालतात, चालत असले तरी. पेठेतली पोरं हसतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: "नारळ काय हसून पडत न्हाय."

तर त्या सभेत सगळे म्हणाले, "अवो साहेब, कशाला एवढं? आपलीच माणसं हायती."

"आपलीच माणसं कोर्टात सगळ्यात आधी जात्यात," कुरणेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी आमच्या सातही जणांच्या विम्याची कागदपत्रं मागवली. ती त्यांनी वाचली. म्हणजे खरोखर वाचली, मागच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांसकट. "पॉलिसी म्हंजे लग्नाची पत्रिका न्हवं," ते म्हणाले, "आतलं बी वाचायचं असतंय." त्यातून कळलं की एकाचा विमा गेल्या दिवाळीत संपलाय, एकाचा परवाना संपलाय, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी ज्या गाडीचा विमा नेमानं भरला होता ती त्यांनी तीन वर्षांपूर्वीच विकली होती. सगळ्यांनी मुकाट्यानं कागद नीट केले. मागं बसणाऱ्यालाही अपघातात संरक्षण मिळावं म्हणून त्यांनी प्रत्येकाला जादा कलम घ्यायला लावलं. मग त्यांनी एक जाडजूड रजिस्टर घातलं आणि स्वतःला जोखीम प्रमुख नेमलं. कुणी विरोध केला नाही. विरोध केला असता तर त्याचाही फॉर्म भरावा लागला असता.

इथपर्यंत ठीक होतं. खरी लढाई पेटली ती गुळावरून.

विम्याचं म्हणणं साधं असतं. गाडी खासगी आहे ना, मग तिनं भाडं मारायचं नाही. भाडं मारलं आणि अपघात झाला तर कंपनी हात वर करते. आणि भाडं म्हणजे फक्त रोकड नव्हे, असं कुरणेसाहेबांनी आम्हाला फळ्यावर लिहून समजावलं. "काकडी दिली, भाडं. लोणचं दिलं, भाडं. गूळ घेतला की भाडं झालं, आन भाडं झालं की क्लेम गेला."

आता कोल्हापुरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं की तुमच्या दारात गाडी येईल, तुम्हाला नेईल, आणेल, पण तुम्ही काही द्यायचं नाही! एक वेळ पंचगंगेला उलटं वाहायला सांगता येईल.

सगळ्यात कडवा विरोध जनाक्कांचा. जनाक्का ऐंशीच्या पुढच्या, बिद्रीकडच्या, घरचा ऊस. नवरा गेल्यावर पेठेतल्या लेकाच्या घरी आल्या आणि लेक बदलीवर गेला, त्या राहिल्या. दर महिन्याला त्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला न्यावं लागे, आणि ते काम माझ्याकडं होतं. पहिल्याच दिवशी कुरणेसाहेबांनी त्यांच्यापुढं छापील फॉर्म धरला आणि वाचून दाखवला. "मी या गाडीतून स्वखुशीने, कोणताही मोबदला न देता प्रवास करीत आहे."

"म्हंजे काय?" जनाक्का म्हणाल्या.

"म्हंजे तुम्ही काय देत न्हाय, असं लिवून द्यायचं."

"फुकट बसतीया, असं लिवून देऊ?"

"व्हय."

"अरं ए इमावाल्या! साठ वरसं माझ्या दारातनं कोण उपाशी गेलं न्हाय आन मी भिकारडी हाय म्हणून अंगठा देऊ? मान हाय का न्हाय मला?"

शेवटी अंगठा दिला, पण डाव्या हाताचा. आणि त्या दिवसापासून पेठेत तस्करी सुरू झाली. माझ्या गाडीच्या कप्प्यात काकड्या निघायला लागल्या. सीटखाली चटणीची पुडी. एकदा वायपरच्या मागं शेवग्याच्या शेंगा, अगदी काचेच्या लांबीच्या. कुरणेसाहेब प्रत्येक फेरीनंतर गाडीची झडती घेत, सापडलेला माल त्याच्या धन्याच्या दारात परत ठेवून येत आणि रजिस्टरात नोंद करत: 'प्रवास झाला. वस्तू सापडली: एक भोपळा. परत केला.' किंवा: 'प्रवास झाला. वस्तू: काही नाही.'

एका जुन्या पैलवान आजोबांनी तर कमाल केली. दवाखान्यातून परतल्यावर ते जिवंत गावठी कोंबडी मागच्या सीटवर ठेवून पसार झाले. साहेबांनी झडती घेईपर्यंत तिनं अंडं घातलं होतं. रजिस्टरातली ती नोंद अजून आहे: 'प्रवासी एक. विनानोंद प्रवासी एक. प्रवासात वाढ एक.'

अशी वर्षभर लढाई चालली आणि मग खरोखर म्हैस आडवी आली.

सकाळचे दहा-साडेदहा. जनाक्कांचं इंजेक्शन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी, मागच्या सीटवर पट्टा आवळून बसल्या होत्या. पट्टा हा साहेबांचा हुकूम होता. साहेब माझ्या शेजारी, कारण त्या दिवशी त्यांचा 'अचानक तपासणी दौरा' होता. गंगावेशीजवळ आलो आणि दोन गाड्यांमधून एक काळीभोर म्हैस शांतपणे रस्त्यात आली. तिला कसलीही घाई नव्हती.

मी ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली. म्हशीनं माझ्याकडं बघितलं.

"बगा!" कुरणेसाहेब ओरडले. त्यांच्या आवाजात मला, खरं सांगते, आनंद जाणवला. बत्तीस वर्षांत त्यांना आधीच सांगितलेला अपघात प्रत्यक्ष बघायला मिळाला नव्हता. "म्हस! आन मागं..." म्हणून त्यांनी मान मागं वळवली, टेम्पो आहे का ते बघायला.

टेम्पो होता.

धाडकन आवाज झाला. गाडी हातभर पुढं सरकली. कुरणेसाहेबांची मान जिथं वळली होती तिथंच राहिली. जनाक्का पट्ट्यात शाबूत, पण आधारासाठी पुढं टेकवलेला हात मुरगळला आणि मनगटाच्या हाडाला चीर गेली. डिकीचं दार वर उघडलं, आणि त्यातून गुळाची एक गोल ढेप बाहेर पडली. ती टेम्पोखालून गेली नाही, बाजूच्या गटारात गेली नाही. उतारानं ती गाडीला वळसा घालून पुढं आली आणि बरोबर म्हशीच्या पायाशी थांबली. म्हैस ती चाटायला लागली.

"जनाक्का!" मान वाकडी धरूनच साहेब किंचाळले. "गूळ?"

"मला एका डोळ्यानं काय दिसंना," जनाक्का म्हणाल्या.

पोलीस आले, कारण टेम्पोवाला आणि म्हशीचा मालक दोघंही एकमेकांना दोष देऊन दमले आणि मग दोघं मिळून मला देऊ लागले. पंचनामा झाला. टेम्पोचा विमा संपलेला निघाला, म्हणजे गाडीची भरपाई माझ्याच विम्यातून आणि जनाक्कांच्या हाताचा खर्च त्या जादा कलमातून मिळायचा होता. पण हवालदार प्रामाणिक. त्यानं पंचनाम्यात एक वाक्य लिहिलं: 'घटनास्थळी गाडीतून पडलेली गुळाची ढेप आढळली, पैकी निम्मी म्हशीने खाल्ली.'

ते वाचून कुरणेसाहेब खाली बसले. "म्याडम," ते म्हणाले, "आता तपासाला माणूस येणार. मी असतो तर मी आलो असतो."

मंडळाची तातडीची सभा झाली. साहेब मानेला पट्टा बांधून आले, त्यामुळं कुणाकडंही बघायचं तर सगळं अंग वळवावं लागे. अध्यक्ष म्हणाले, "सोपं हाय. जनाक्कानं सांगायचं, गूळ बाजारातनं घेतला, घरी नेत होतो."

मला वाटलं, साहेबांना हे पटेल. त्यांनी संबंध अंग अध्यक्षांकडं वळवलं. "खोटं न्हाय सांगायचं," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता. "काय बी हुंदे. खोटं न्हाय."

त्यांनी मग जनाक्कांची तयारी करून घ्यायचं ठरवलं. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी पुढच्या सोप्यात जाऊन ते तपासणी अधिकारी व्हायचे.

"आजी, तुम्हाला गाडीत बसायला कुणी सांगितलं?"

"तूच की."

"मी न्हवं. मी आता कंपनीचा माणूस हाय."

"मग भाईर बस. कंपनीची माणसं मला आवडत न्हाईत."

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी खरा माणूस आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलायला अगदी मऊ. जनाक्कांनी प्लॅस्टरमधला हात पदराखाली घेतला आणि त्याला आधी चहा घ्यायला लावला. त्यानं चहा घेतला. मी आणि कुरणेसाहेब भिंतीला टेकून उभे.

"आजी, या बाई तुम्हाला दर महिन्याला नेतात?"

"नेती की. गुणाची हाय."

"मग त्याबद्दल तुम्ही काही देता का?"

कुरणेसाहेबांनी डोळे मिटले.

"देती की," जनाक्का म्हणाल्या.

"काय देता?"

"ह्यो हुबा हाय न्हवं, पट्टेवाला? ह्येला शिव्या देती. दर खेपंला."

तो माणूस हसला, पण त्याचं पेन कागदावरच होतं. "आणि गूळ?"

"गूळ बी दिला. त्यात काय चोरी हाय? घरचा हाय. पोरगी माझ्यापायी तीन-तीन तास दवाखान्यात ताटकळती. तिला मोकळ्या हातानं धाडू?"

त्याचं पेन चालायला लागलं. मला कळलं, आता संपलं. गाडी गेली ते एक वेळ ठीक, पण हा निकाल पेठेत कळला की उद्यापासून सातातले सहा जण गाडी काढायचे नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

"साहेब," कुरणेसाहेब म्हणाले, "एक मिनिट थांबा."

ते दोन पावलं पुढं आले. सभेत बोलताना त्यांचं बोट हवेत असतं. आज दोन्ही हातांनी रजिस्टर छातीशी धरलेलं होतं.

"मी तुमच्याच खुर्चीत होतो. तुम्ही काय लिवताय ते मला इथनं न बघता वाचता येतंय. ते लिवायच्या आधी ह्ये बघा." त्यांनी रजिस्टर उघडून चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "जनाक्का बारा खेपा गेल्या. पाच खेपंला गूळ, काकडी काय ना काय सापडलं. सात खेपंला काय न्हाय. ह्यो बघा आषाढ. काय न्हाय. पुढच्या महिन्यात गाडी आली का न्हाय? आली. दारात, वेळंवर. ह्यो बघा भादवा. काय न्हाय. परत गाडी आली."

"हो, पण..."

"भाडं न्हाय दिलं तर गाडी येत न्हाय. गूळ न्हाय दिला तरी गाडी येतीया. एवढाच फरक हाय, साहेब. तेवढा लिवा."

त्या माणसानं रजिस्टराची पानं मागं-पुढं चाळली. कोंबडीच्या नोंदीपाशी तो बराच वेळ थांबला. मग त्यानं लिहिलेल्या एका ओळीवर काट मारली, नवीन चार ओळी लिहिल्या, कुरणेसाहेबांची सही घेतली आणि रजिस्टराच्या पानांचे फोटो काढून घेतले. जाताना जनाक्कांनी त्याला गूळ देऊ केला. तो म्हणाला, "आजी, आज नको. आज खरंच नको."

महिन्याभरात दावा मंजूर झाला. जनाक्कांच्या हाताचा खर्चही आला. पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच. तो माणूस गेल्यावर मी हसत बाहेर आले, तर कुरणेसाहेब पायरीवर रजिस्टर मिटून बसले होते.

"साहेब, जिंकलो की आपण!"

"ह्ये मला तवा सुचलं न्हाय, म्याडम."

"केव्हा?"

मी शेजारी बसले. मग हळूहळू बोलले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. राधानगरीच्या वरच्या अंगाला एक वाडी, धो धो पाऊस. तिथं मारुती नावाच्या माणसाची जीप होती. शेजाऱ्याला साप चावला. मारुतीनं त्याला जीपमध्ये घातलं आणि निघाला. शेजाऱ्याच्या बायकोनं पळत येऊन भाताचं अर्धं पोतं मागं टाकलं, हाताला दुसरं काही लागलं नाही म्हणून. वळणावर जीप उलटली. दोघंही वाचले, साप चावलेला सुद्धा. जीपचा पार चुराडा झाला. तपासाला कुरणे गेले.

"मी इचारलं, त्यानं काय दिलं का? मारुती म्हणाला, दिलं की, भात दिला. सरळ माणूस. लपवायचं काय त्यात, असं त्येला वाटलं. मी लिवलं, मोबदला घेऊन वाहतूक. क्लेम गेला. हापिसात सायबानं माझी पाठ थोपटली. पयलाच मोठा क्लेम मी वाचवलाता."

"तुम्ही नियमानंच केलं."

"व्हय. पण पुढच्या पावसाळ्यात मी दुसऱ्या कामाला त्याच भागात गेलतो. त्या वाडीतनं एक बाळंतीण बैलगाडीतनं खाली आणली होती. वाडीत आणखी दोन जीपा होत्या, म्याडम. मारुतीचं झालेलं बघून कुणी चावी काढंना."

"पोचली का ती?"

"बाई वाचली," ते म्हणाले.

जनाक्का आतून ओरडत होत्या, "ए इमावाल्या, चा प्यायला ये की!" आणि ते उठले नाहीत.

मला त्या पायरीवर समजलं, हा माणूस आम्हाला वर्षभर का छळत होता. आम्ही समजत होतो, त्यांना गाडी दारातच उभी राहिलेली आवडते. ते मात्र एकेक फॉर्म भरून आमची भीती काढत होते, आमच्यापैकी कुणी चावी खिशात ठेवून घरात बसू नये म्हणून.

मानेचा पट्टा निघाला, गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी लावलेलं. म्हणाले, "म्याडम, मला एका जागी न्यायला जमंल का?" कुठं, ते मी विचारलं नाही.

वाडीत पोचायला अकरा वाजले. मारुती तात्या अंगणात बसले होते. ऐंशीला टेकलेले, हातात काठी, पाय सुजलेले. गाडीतून उतरलेल्या माणसाकडं त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"रामराम, पावणं. कुरणेसाहेब न्हवं तुम्ही?"

"जय भीम, तात्या. वळखलासा?"

"न वळखायला काय झालं? अख्खा दिवस बसलावता की माझ्यासंगं. या, बसा. जेवलासा?"

जेवायला बसवलंच त्यांनी. सून भाकरी वाढत होती. कुरणेसाहेब वाटेत काहीतरी मनाशी घोकत आले होते, ओठ हलताना मी बघितले होते. पण ताटावर ते नुसती भाकरी कुस्करत राहिले. शेवटी हात धुताना म्हणाले, "तात्या, मी तवा लिवलं ते..."

"मी सांगितलं तेच लिवलंसा की. खोटं कुठं लिवलंसा?"

"खरंच लिवलं. त्येचाच तरास हाय."

कोंबड्या अंगणात भाकरीचा चुरा टिपत होत्या. "मला राग आलावता," ते म्हणाले. "चार-पाच वरसं ऱ्हायला. मग पोरांची लग्नं आली, जमिनीची कामं आली. राग धरायला येळ कुणाला हाय?" मग सुनेला हाक मारून म्हणाले, "साहेबांस्नी ताक दे."

निघताना ते काठी टेकत गाडीपर्यंत आले. तिथं उभेच राहिले. मग जरा संकोचून मला म्हणाले, "बाई, फाट्यावर माझी भन असती. पाय चालंना झाल्यापासनं गेलो न्हाय. वाटंवरच हाय. सोडतासा काय? तुमास्नी काय अडचण न्हाय न्हवं?"

मी काही बोलायच्या आत कुरणेसाहेबांनी पुढचं दार उघडलं होतं. त्यांनी तात्यांचा एक पाय आत घेतला, मग दुसरा. काठी आडवी करून ठेवली. स्वतः मागं जाऊन बसले.

तो रस्ता खड्ड्यांचा आहे. मी दुसऱ्या गिअरवरच चालले होते. तात्या खिडकीतून कुणाची शेतं कुठली ते मला दाखवत होते आणि बहिणीबद्दल बोलत होते. मी आरशात बघितलं. कुरणेसाहेब सीटच्या कडेवर पुढं सरकून बसले होते. गाडी खड्ड्यात जायला लागली की त्यांचा तळहात तात्यांच्या पाठीमागं यायचा, पाठीला न टेकता, बोटभर अंतरावर. खड्डा गेला की ते हात मागं घ्यायचे. तात्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते बहिणीच्या आंब्याविषयी बोलत होते.